सगळं गाव म्हणतंय 'बारीक झालास', आणि भाऊ नळ सोडून बाथरूममध्ये बसतोय

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, मी २४ वर्षांची आहे, नोकरीसाठी शहरात राहते. आईबाबा आणि १७ वर्षांचा भाऊ गावी असतात. भाऊ लहानपणापासून अंगाने जाड, सगळे चिडवायचे. दोन वर्षांपूर्वी मित्रांनी त्याला धान्याच्या मोठ्या काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्याने वाचला, सगळे हसले, तोही हसला. गेल्या चारपाच महिन्यांत तो एकदम बारीक झालाय आणि घरातले, शेजारचे, शाळेतले सर, जो तो कौतुक करतोय. पण मागच्या महिन्यात मी आठ दिवस घरी होते तेव्हा वेगळंच दिसलं. दिवसभर काही खात नाही, 'भूक नाही' म्हणतो, रात्री मोबाईलवर खाण्याचे व्हिडिओ बघत पडतो. आणि आठवड्यातून दोनतीनदा हायवेच्या फाट्यावर जे बर्गर-फ्राईजचं दुकान झालंय तिथून पिशवी भरून आणतो, गच्चीवर एकटा बसून सगळं संपवतो आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ आत. मी दार वाजवलं तर रडायला लागला. म्हणाला आईबाबांना सांगितलंस तर तुझ्याशी परत कधी बोलणार नाही. मी शपथ घेतली. बाबांना नुसतं विचारून बघितलं तर म्हणाले पोरगा आहे, खातोय तर खाऊ दे, बारीक झालाय ना, अजून काय पाहिजे. ताई, हा आजार आहे की त्याचा मनावर ताबा नाहीये? गावात असले आजार असतात का? ते दुकान नसतं तर हे झालं नसतं का? आणि शपथ मोडू का?"

अगं, आधी शपथेचंच बोलते कारण झोप त्यानेच उडालीये तुझी. मोडायची. पण त्याच्या पाठीमागे नाही, त्याला सांगून मोडायची, कशी ते पुढे सांगते. आणि हो, हा आजार आहे. मी डॉक्टर नाही आणि पत्र वाचून कोणी निदान करू पण नये, पण उपाशी राहायचं, मग ताबा सुटल्यासारखं एकट्याने खायचं, मग ते उलटी करून बाहेर काढायचं आणि हे दर आठवड्याला चालू, या सगळ्याला बुलिमिया म्हणतात. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली याला नाव दिलं आणि पहिल्यांदा नीट वर्णन करून मांडलं. म्हणजे तुझे बाबा लहान होते तेव्हा याला धड नावसुद्धा नव्हतं गं, त्यांना ते ओळखता आलं नाही याचा राग मनात ठेवू नकोस, रागात तुझीच ताकद जाईल आणि ती आत्ता दुसरीकडे लागणारे.

तुझ्या पत्रात किलोचे आकडे होते ते मी मुद्दाम काढलेत, कारण ज्यांना हाच त्रास आहे अशी पोरं वाचत असतील तर ती लगेच स्वतःशी तुलना करायला लागतात, मला माहितीये.

आता ते काट्याचं. तू लिहिलंयस "तोही हसला". मी ते दोन शब्द कितीतरी वेळा वाचले. पंधरा वर्षांचं पोर, ज्या काट्यावर पोती चढवतात त्यावर उभं, आजूबाजूला ज्यांच्याशी रोज खेळायचं तीच पोरं, आणि हसला नाही तर अजून चिडवतील म्हणून हसला. शहरात असतं तर निदान दुसऱ्या गल्लीत जाऊन नवे मित्र तरी केले असते, गावात कुठे जाणार, तीच शाळा, तोच रस्ता, तेच दुकान, आणि जे नाव एकदा पडलं ते चिकटलं. आणि आता तीच माणसं पाठ थोपटतायत. त्याच्या बाजूने बघ ना, आयुष्यात पहिल्यांदा त्याला सगळे चांगलं म्हणतायत आणि ते ज्या गोष्टीसाठी म्हणतायत तीच त्याला खातीये, तो सोडेल कसा ती? म्हणून घरातलं पहिलं काम हे की वजनावरचं कौतुक बंद. टोमणे तर बंदच, पण कौतुकही. आई म्हणेल की मी चांगलंच बोलतीये, तिला सांग की त्याच्या कानाला ते "परत जाड झालास तर बघ" असं ऐकू येतं.

आणि तो अजून हडकुळा दिसत नाही म्हणून काळजी नाही असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नकोस. बुलिमिया असलेली बहुतेक माणसं दिसायला साधारण अंगाची किंवा जाडच असतात. आणि ज्यांचं वजन आधी जास्त होतं आणि उपाशी राहून झपाट्याने उतरलं ती पोरं दिसायला "आत्ता कुठे बरी दिसायला लागली" अशी असतात पण आत नाडी मंद झालेली, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, जे अगदी काडी झालेल्या पेशंटचं होतं तेच. वरून मुलगा. मुलगी असती तर कदाचित कोणाच्या तरी डोक्यात आलं असतं, मुलांच्या बाबतीत घरचे सोडा डॉक्टरही कधीकधी विचारायचं विसरतात. तुला दिसलं, तू दार वाजवलंस, ही मोठी गोष्ट झाली.

मनावर ताबा नाही का, असं विचारलंयस. एक जुना प्रयोग सांगते म्हणजे तुला तो रात्री व्हिडिओ का बघतो ते पण कळेल. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले, शरीराने मनाने एकदम ठणठणीत, स्वतःहून आलेले, आणि त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमार झालेल्या लोकांना परत खाऊ कसं घालायचं हे शोधायचं होतं. तर झालं काय, या चांगल्या चांगल्या माणसांच्या डोक्यात खाण्याशिवाय काही राहिनाच. पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, ताटातलं घोळवत घोळवत तासन्‌तास खायला लागले, चिडचिडे झाले, एकटेएकटे राहायला लागले, काहींचा ताबा सुटून त्यांनी लपूनछपून खाल्लं आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली. आणि नंतर भरपूर जेवण मिळायला लागलं तरी काहीजण कितीतरी दिवस पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी भूक आहेच म्हणायचे. यातल्या कोणाचं मन कच्चं नव्हतं. अंगाला अन्न मिळालं नाही की मेंदू असाच वागतो. तुझा भाऊ सकाळपासून उपाशी आणि रात्री स्क्रीनवर दुसऱ्यांना खाताना बघतोय, हे त्या ३६ जणांच्या पुस्तकांसारखंच आहे. मग एका संध्याकाळी बांध फुटतो, तो फाट्यावर जातो, मग लाज वाटते, मग ते बाहेर काढतो, मग शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी परत उपाशी, आणि त्या उपाशीपणातूनच परत पुढचा फाटा. बाहेरून बघणाऱ्याला बर्गर दिसतो, त्याच्या आधीचे दोन उपाशी दिवस कोणाला दिसत नाहीत.

मी हे नुसतं वाचून बोलत नाहीये. मीही त्या वयात चिप्सची पाकिटं लपवून खायचे. रिकामं पाकीट वाजू नये म्हणून त्याची घडी घालत घालत नखाएवढी करायची आणि गादीखाली सरकवायची, ती चुरचुर अजून कानात आहे माझ्या. एक दिवस आईने गादी उन्हात टाकायला उचलली आणि खाली वीसपंचवीस चांदीचे तुकडे. ती काही बोलली नाही. गोळा करून कचऱ्यात टाकले आणि संध्याकाळी स्वतःचं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली, रोज बसायला लागली. मला बरं व्हायला त्यानंतर पण बराच काळ लागला, पण सुरुवात तिथून झाली.

दुकानाचं. दुकान नसतं तर हे झालं नसतं का, तर माझ्या मते त्याने काहीतरी दुसरं शोधलं असतं. पण ते खाणं निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना महिनाभर दवाखान्यातच ठेवून बघितलं, दोन आठवडे फॅक्टरीत तयार झालेलं पाकीटबंद खाणं आणि दोन आठवडे साध्या ताज्या जिनसांचं जेवण, वाढताना कॅलरी, साखर, तेलतूप, मीठ सारखंच, आणि सांगितलं हवं तेवढं खा. तर पाकीटवाल्या आठवड्यांत माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती, भरभर खात होती, कळत पण नव्हतं त्यांना. म्हणजे मऊ, खारट, चावायला न लागणारं हे खाणं पोटाने बास म्हणायच्या आतच संपतं, ते कोणाच्याही बाबतीत होतं. उपाशी पोराच्या बाबतीत तर होणारच.

पण बंदी घालू नका. ना बाबांनी पैसे तोडायचे, ना दुकानदाराला सांगायचं की याला देऊ नको. त्याने होईल एवढंच की तो अजून लांब जाईल आणि अजून लपवेल. आणि एक गोष्ट मोठी माणसं विसरतात, गावात संध्याकाळी पोरांनी बसायचं कुठे? तिथे लाईट आहे, खुर्च्या आहेत, मित्र आहेत, ती त्याची बसायची जागा आहे. तू घरी गेलीस की तूच त्याला घेऊन जा तिथे, दुपारचं नीट जेवण झालेलं असताना, एकेक काहीतरी घ्या, बसून खा, गप्पा मारा, आणि नंतर पाऊण तास तासभर त्याच्या सोबतच राहा, चालत घरी या. तो तास सगळ्यात अवघड असतो त्याच्यासाठी, तेव्हा कोणीतरी जवळ असलं पाहिजे, पहारेकऱ्यासारखं नाही, आपलं सहज.

गावात असले आजार असतात का. असतात गं, फक्त बोलत कोणी नाही. एक म्हणजे "जाडी ही शहरातली गोष्ट" हे जुनं झालं. २०१९ मध्येच नेचर या विज्ञानाच्या मासिकात जगभरच्या माहितीचा मोठा अभ्यास आला होता, १९८५ ते २०१७ या काळात मोठ्या माणसांचं सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जगात जेवढं वाढलं त्यातला ५५ टक्क्यांहून जास्त वाटा खेड्यांचा होता. आणि त्यात नवल काय, शेतातली कामं यंत्रं करतात, जिथे चालत जायचो तिथे गाडी, आणि जिथे ताजी भाजी रोज मिळत नाही तिथेही चिप्स आणि कोल्ड्रिंक मिळतंच. आणि मग अंग वाढतं आणि हातात फोन असतो, त्यात सगळी कोरीव अंगं. फिजी बेटांवरचा अभ्यास आहे अ‍ॅन बेकर यांचा. तिथल्या एका भागात टीव्ही आला १९९५ मध्ये. तिथे भरलेलं अंग चांगलं मानायचे. टीव्ही नुकताच आला तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं तर वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती, तीन वर्षांनी १९९८ मध्ये विचारलं तर ११.३ टक्के मुलींनी हो म्हणलं. तीन वर्षं फक्त, आणि तो नुसता टीव्ही होता, खिशातला फोन नव्हता. तेव्हा कोणी म्हणालं की हे शहरी चोचले आहेत तर त्याला हे सांग.

आता जे घाईचं आहे ते. सारखी उलटी झाली की अंगातलं पोटॅशियम उतरतं आणि पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके चुकतात, हे बाहेरून दिसत नाही, पोरगा हसतखेळत असतो आणि एकदम कोसळतो. त्यामुळे घरी गेलीस की त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन रक्तातले क्षार, ईसीजी, बीपी, नाडी एवढं बघून घ्या. चक्कर येऊन पडला, छातीत धडधडायला लागलं, उलटीत रक्त दिसलं, हातपाय गळाल्यासारखे झाले, किंवा जगून काय करू असलं काही बोलला तर त्या आठवड्याचीही वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना, रात्र असली तरी. आणि हेही त्याला कळू दे की उलटीने खाल्लेलं सगळं निघून जातं हा गैरसमज आहे, बरंचसं अंगात राहतंच, जातं ते पाणी आणि क्षार, आणि दातांवरचं कवच. उलटी झालीच तर लगेच ब्रश करायचा नाही, आम्लाने मऊ पडलेलं कवच त्याने घासून जातं, नुसत्या पाण्याने चूळ भरायची. याने आजार बरा होत नाही पण दात तरी वाचतात.

शपथ कशी मोडायची. फोनवर नको, समोर बसून. गच्चीवर बस त्याच्यासोबत, त्याचीच जागा. असं काहीतरी म्हण, "मी तुला शब्द दिला होता तेव्हा मला माहीत नव्हतं की यात तुझ्या जिवाला धोका आहे, आता कळलंय, त्यामुळे मी हा शब्द पाळू शकत नाही, आईबाबांना सांगावं लागेल. तू सांगतोस का मी सांगू, का दोघं मिळून सांगू, ते तू ठरव, उद्या रात्रीपर्यंत." तो ओरडेल. कदाचित खरंच बोलणं टाकेल काही दिवस. टाकू दे, तू मेसेज करत राहा, साधे, मॅचचा स्कोर, कुत्र्याचा फोटो, उत्तर आलं नाही तरी. माझ्या अनुभवात पोरं या गोष्टीसाठी कायमची रुसत नाहीत, आत कुठेतरी त्यांना सुटल्यासारखं वाटतं की आता हे एकट्याने लपवायचं नाहीये. आणि त्याला "का करतोस असं" विचारू नकोस, त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. त्यापेक्षा "खाऊन झाल्यावर कसं वाटतं रे तुला" असं विचार आणि मग गप्प बस, कितीही वेळ लागला तरी.

आईबाबांना सांगताना आजाराचं इंग्रजी नाव पहिल्या वाक्यात टाकू नकोस, बाबा तिथेच बंद होतील. "त्याला खाऊन उलट्या काढायची सवय लागलीये आणि त्याने हृदयाला धोका असतो, रक्त तपासायला न्यायचंय" इथून सुरू कर, तपासणी म्हणलं की घरातली माणसं हलतात. आणि दोघांनाही सांग की यात त्यांची चूक कोणी शोधत नाहीये. या वयाच्या पोरांसाठी ज्या उपचाराचा उपयोग होतो त्यात आईबाप मधोमध असतात, जेवणाची जबाबदारी थोडा काळ घरचे उचलतात, लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली आणि आता बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. दुसरी पद्धत म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारी सीबीटी, तिचाही चांगला उपयोग होतो बुलिमियात. मानसोपचारतज्ज्ञ गावात नसणार हे मी धरून चालतेय. तपासण्या जवळच्या डॉक्टरकडे होतील, मनाचं बोलणं व्हिडिओ कॉलवर होऊ शकतं, फक्त त्याला त्या तासापुरती एक खोली द्या ज्याचं दार लागतं आणि बाहेर कोणी खुर्ची टाकून बसलेलं नाही. आणि गावातल्या डॉक्टरकडे बाहेर सगळं ओळखीचं पब्लिक बसलेलं असेल तर सरळ पुढच्या मोठ्या गावातला डॉक्टर बघा, तो तिथे तोंड उघडणार नसेल तर जाऊन फायदा काय.

जेवणाचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कठीण. तीनचार तासांच्या वर पोट रिकामं राहू द्यायचं नाही. सकाळचं, दुपारचं, रात्रीचं आणि मध्ये दोनदा काहीतरी, भूक असो नसो, आणि आदल्या रात्री जास्त खाऊन झालं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, तिथेच ते चक्र तुटतं. डाएट आत्ता कोणतंही नको, कोणी कितीही चांगलं सांगितलं तरी. घरात वजनकाटा असेल तर तू येताना घेऊन ये शहरात. आईला सांग ताटात किती घेतलं ते मोजू नको, समोर बस आणि दुसरंच काहीतरी बोल. साखर, कोल्ड्रिंक, तळकट या गोष्टींवर बोलायची वेळ येईल पण ती अजून आलेली नाहीये, आणि आली की सगळ्या घरासाठी मिळून, त्याच्या एकट्यासाठी वेगळं ताट नको. वजन थोडं वाढेल कदाचित, तेव्हा घरातलं कोणीतरी दचकेल, त्यांना आधीच सांगून ठेव.

आणि तू. २४ वर्षांची आहेस, महिनाभर हे एकटीने छातीवर घेऊन फिरतीयेस, ऑफिसही करतीयेस. एखाद्या मैत्रिणीला सांग, नाव न घेता सांग हवं तर. रोज रात्री त्याला फोन करून "आज काय खाल्लंस" विचारत असशील तर ते थांबव, तो खोटं बोलेल आणि तुलाही ते कळेल आणि दोघांनाही त्रास.

पत्रात लिहिलंयस की येत्या शनिवारी जातीयेस. दारात दिसला की "अजून बारीक झालास रे" तोंडात येईल, सवयच असते ती आपल्याला, तेवढं गिळ. बॅग त्याच्या हातात दे आणि गच्चीवर चल म्हण. रक्ताचे रिपोर्ट आले की मला लिही, मी वाट बघतेय.